लाईट गेली नव्हती

चनबसप्पा अण्णा दारात येऊन उभे राहिले तेव्हा रामहरी खुर्चीवर चढून वैजयंतीबाईंचा पंखा दुरुस्त करत होता. अण्णांना बघून तो पडता पडता वाचला. सात महिन्यांपूर्वी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या बंगल्याला त्यानं विजेची कुलपं आणि सगळी सुरक्षेची यंत्रणा बसवून दिली होती. एवढं मोठं काम त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं. असं गिऱ्हाईक सकाळी सकाळी गुप्तहेराच्या दारात दिसलं की आधी आपलंच काम आठवतं.

गुप्तहेर म्हटल्यावर कुणी भलतंसलतं डोळ्यांपुढे आणू नये. वैजयंतीबाईंचं निम्मं काम लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा खरंच इंजिनिअर आहे का, आधीचं काही लफडं आहे का, असलं. त्याआधी बावीस वर्षं त्या कोर्टात लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलायचा आणि बाई शब्द न् शब्द उतरवून घ्यायच्या. ‘माणूस काय म्हणाला, ते कुणी ऐकतच नाही, काय म्हणायचं असेल तेच ऐकतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. रामहरीचं दुकान त्यांच्या खोलीच्या बरोबर खाली. डोकं बाईंचं आणि मोटरसायकल रामहरीची, अशी त्यांची भागीदारी पाच वर्षं चालली होती.

“चोरी झालीय,” अण्णा बसता बसता म्हणाले. “चोर पण सापडलाय की. फक्त कबूल होईना.”

“मग माझं काय काम?”

“तुम्ही तिला कबूल करायला लावा. बारा वर्षं घरात वावरलेली बाई आहे, एकदम पोलिसांत द्यायला जीव होत नाही. पण आज संध्याकाळी सहापर्यंतच थांबणार. बोरमाळ परत आली तर ठीक, नाही तर तक्रार देणार.”

“कोण ती?”

“आमची बजाबाई.”

रामहरी खुर्चीवरून खाली उतरला. बजाबाई त्याच्या गल्लीतली, तीन दारं सोडून राहणारी. मूळची वैरागची. त्याला हे काम मिळालं होतं ते तिच्याच शब्दावर. ‘आमच्या गल्लीतला पोरगा हाय, हाताला लई सच्चा हाय,’ असं तिनंच अण्णांना सांगितलं होतं.

अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. दाराच्या यंत्रात कुणाचं बोट कधी लागलं, त्याची यादी होती. मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी चनबसप्पा. दहा वीसला बजाबाई. संध्याकाळी सहा पाचला पुन्हा चनबसप्पा. मध्ये कुणीच नाही.

“सकाळी पूजेच्या वेळी मी डबा उघडून बघितला, बोरमाळ होती. संध्याकाळी नव्हती. मध्ये खोलीत गेली ती एकटी बजाबाई, झाडायला. मशीन खोटं बोलत नाही की. तुमच्या रामहरीनंच बसवलंय. विचारा त्याला.”

“काम पक्कं आहे, अण्णा,” रामहरी म्हणाला. विचार करायच्या आतच त्याच्या तोंडातून ते निघून गेलं.

अर्ध्या तासात ते तिघं बंगल्यावर पोचले. समोरच पिठाची गिरणी होती आणि तिच्या घरघरीत गेटपाशी बोललेलं धड ऐकू येत नव्हतं. आत गेल्यावर जिना चढताना भिंतीवर घरातल्यांचे फोटो ओळीनं लावलेले. एका जागी नुसता खिळा होता, आणि त्याखाली रंगाचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिला होता.

“इथला फोटो?” बाईंनी विचारलं.

“काढला,” अण्णा म्हणाले आणि दोन पायऱ्या एकदम चढून गेले.

वर पूजेची खोली. दाराच्या वरच्या बाजूला चौकटीला लोखंडी पट्टीसारखं चुंबकी कुलूप, बाहेर बोट टेकवायचं यंत्र, आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण. अण्णांनी बोट टेकवलं, टक् झालं, दार सुटलं. आत एका साध्या कपाटात स्टीलचा डबा होता. कपाटाला कुलूप नव्हतं.

“दाराला एवढं कुलूप घातल्यावर कपाटाला कशाला?” अण्णा म्हणाले.

बाईंनी डबा उघडला. सुनेच्या पाटल्या होत्या, गोठ होते, तोडे होते. सगळं जागच्या जागी.

“पाटल्या बोरमाळेपेक्षा जड दिसतात.”

“तिप्पट जड आहेत.”

“आणि चोरानं त्या ठेवल्या.” बाईंनी झाकण लावलं. “बोरमाळ कुणाची?”

“बायकोची. तिच्या माहेरची.”

“या दाराला कुणाकुणाचं बोट चालतं?”

“माझं. मुलाचं, महेश्वरचं, तो सोमवारपासून लातूरला आहे. आणि झाडण्यापुरतं बजाबाईचं.”

“तुमच्या बायकोचं नाही? सुनेचं नाही?”

“घरातल्या बायकांना काय करायचंय त्या खोलीत?” अण्णा म्हणाले, आणि पूजेच्या पाटावरची नसलेली धूळ पुसायला लागले.

बाई दाराकडे बघत राहिल्या. मग सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, “रामहरी, लाईट गेली तर हे कुलूप काय करतं रे?”

“पॅनेल इन्व्हर्टरवर आहे, बाई. ते कधी बंद पडत नाही.”

बोलला ते शंभर टक्के खरं होतं, आणि तरी त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी कुलपाचं विचारलं होतं, त्यानं पॅनेलचं, म्हणजे बोट टेकवायच्या यंत्राचं, सांगितलं. दोन्हींतला फरक त्याच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. चुंबकी कुलूप वीज असेतोवरच दार धरून ठेवतं. वीज गेली की सोडून देतं. म्हणून त्याला इन्व्हर्टरची लाईन द्यायची असते. ती लाईन या दारापर्यंत आणायची तर भिंत फोडावी लागली असती, आणि रंग नवा होता. वास्तुशांत दुसऱ्या दिवसावर आलेली. अण्णा मागे उभे राहून ‘भिंतीला हात लावू नको’ म्हणत होते. रामहरीनं शेजारच्या न्हाणीघरातल्या गिझरच्या पॉइंटवरून वायर ओढली, कुलूप चालू केलं आणि मनाशी म्हणाला, पुढच्या महिन्यात येऊन नीट करू. त्यानंतर सात महिने गेले.

तो पुढचा महिना आता त्याच्या समोर उभा होता. सांगावं का? सांगितलं तर गल्लोगल्ली बोभाटा होणार, रामहरीचं कुलूप वाऱ्यावर उघडतं. दुकानाला टाळंच लावायला लागलं असतं, आणि तेही साधं, किल्लीचं. तो गप्प बसला. गप्प बसल्याची लाज त्याला तिथंच, त्याच मिनिटाला वाटली. पण लाज वाटली म्हणून तोंड उघडतं असं थोडंच आहे?

खाली दिवाणखान्यात सून सिद्धेश्वरी आली. तिशीतली, नेटकी, बोलताना पदराच्या टोकाशी चाळा करणारी.

“मंगळवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?”

“इथंच, खाली. जिन्याखाली इस्त्रीचं टेबल आहे ना, तिथं. बारा ते एक इस्त्रीच करत होते. कपड्यांचा ढीग साठला होता.”

“मध्ये उठला नाहीत?”

“नाही. कोण वर गेलं असतं तर मला दिसलं असतं. कुणी गेलं नाही.”

रामहरीनं जिन्याखाली पाहिलं. टेबलाच्या शेजारीच घराचा मेन बोर्ड होता. त्याच्याच हातचा, सगळे खटके सरळ रेषेत. एरवी त्याला ते बघून बरं वाटलं असतं.

अण्णांच्या बायकोला, महानंदाअक्कांना, बाई त्यांच्या खोलीत जाऊन भेटल्या. अक्का पलंगावर बसल्या होत्या. गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी, बाकी गळा मोकळा.

“मला त्या खोलीचं काय विचारता?” त्या म्हणाल्या. “ते दार मला वळखतच नाही की.”

“मंगळवारी दुपारी?”

“हितंच पडलेली. पंखा फिरत होता, झोप लागली.”

“बजाबाईनं घेतली असेल असं वाटतं तुम्हाला?”

अक्का खिडकीकडे बघायला लागल्या. “मी कुणाचं नाव घेतलं नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांनी घेतलं.”

बजाबाई घरी उंबऱ्यात बसली होती. एरवी या वेळी ती चौथ्या घरी भांडी घासत असायची.

“चार घरं हुती,” ती म्हणाली. “काल दोघींनी सांगितलं, येऊ नगं. तिसरीनं आज सकाळी पोरीच्या हाती निरोप धाडला. आता चोरणीला कोण घरात घेतंय?” मग रामहरीकडे बघून म्हणाली, “तू तरी सांग रं यांना. ते मशीन तूच बसवलंस. काय चुकत आसंल का त्यात?”

“मशीन बरोबर आहे, मावशी,” रामहरी म्हणाला. हेही खरं होतं. बजाबाईनं मान खाली घातली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

“मंगळवारचं सगळं सांगा,” वैजयंतीबाई तिच्याशेजारी खालीच बसल्या. “जसं झालं तसं, तुमच्या शब्दांत.”

“धाच्या पुढं वर गेले, खोली झाडली, दार लागल्याला आवाज आला, खाली आले. मग मागं कपडे धुवायला. मशीन लावलं. ते फिरत हुतं तवर भांडी काढली. बाराच्या पुढं मशीन मधीच बंद पडलं, साबणाच्या पान्यात कपडे तसंच. सूनबाईंना इचारलं तर म्हनल्या लाईट गेली.”

रामहरीनं चटकन बाईंकडे पाहिलं.

“मग?”

“मग कोन आलं वाटतं, दार उघडाया गेले.”

“कोण आलं होतं?”

“कुनीच न्हाय. त्याचंच नवल. अक्का वरनं मोठ्यांदा म्हनत हुत्या, ‘तगी, तगी’. त्यांची भाषा मला लई येत न्हाय, पन ‘बागिल तगी’ म्हंजे दार उघड, एवढं ठावं हाय. रोज बेल वाजली की तसंच म्हंतात. म्हनून हात पुसत फुडं गेले, दार उघडलं. बाहीर कुत्रं बी न्हाय.”

“अक्का ‘बागिल तगी’ म्हणाल्या, की नुसतं ‘तगी’?”

बजाबाईनं आठवून पाहिलं. “नुसतं तगी. दोनदा.”

“हे मशीन बंद पडायच्या आधी की नंतर?”

“आदी... न्हाय, त्याच वक्ताला. मी म्हागनं फुडं येतीया तवर मशीन बंद.”

बाईंनी वहीत तो एक शब्द लिहिला. लिहून त्याच्याकडे बघत राहिल्या.

“आणखी काही? त्या आठवड्यात घरात काही वेगळं?”

“वेगळं काय... सोमवारी अक्कांनी बाजारातनं हिरवी साडी आनली, चांगली काठाची. हिरवा चुडा बी. मी सूनबाईंना म्हनलं, काय गोड बातमी हाय का? तर त्या म्हनल्या, गप बस, अण्णांम्होरं बोलू नगं. आनि गोड बातमी तर काय दिसत न्हाय. मंगळवारपास्नं ती साडी बी दिसली न्हाय.”

“अक्कांना मुलगी आहे ना?”

“हाय की. धनलक्ष्मी. दोन वर्सं झाली, परजातीतल्या पोराशी लगीन केलं तिनं. तवापास्नं तिचं नाव घ्यायचं न्हाय त्या घरात. फोटू बी उतरवला अण्णांनी.”

रामहरीच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घुमत होती: लाईट गेली होती. म्हणजे दार उघडलं होतं. म्हणजे कुणीही आत शिरलं असेल. म्हणजे आता बोलायला पाहिजे. ‘मी जरा आलोच’ म्हणून त्यानं मोटरसायकल काढली आणि थेट अण्णांच्या समोरची गिरणी गाठली.

गिरणीवाला सिद्धाप्पा नखशिखान्त पांढरा होता. “मंगळवारी? अवो, मंगळवारी दिवसभर दळलंय. ज्वारीचा ढीग हुता. लाईट एक मिनिट बी गेली न्हाय.”

“नक्की? बारा साडेबाराच्या सुमाराला?”

“माझ्याच खांबावरनं अण्णांची लाईन जाती. गेली असती तर मला कळलं नसतं व्हय? पट्टा उतरला असता की.”

रामहरीला एकदम भूक लागली. सकाळपासून पहिल्यांदा. लाईट गेलीच नाही, मग कुलूप सुटलंच नाही, मग त्याच्या वायरीचा चोरीशी काय संबंध? सूनबाई काहीतरी बोलली असेल, मशीनचा काहीतरी बिघाड असेल. त्यानं कोपऱ्यावर उभ्या उभ्या दोन प्लेट भजी खाल्ली. दुसरी प्लेट संपताना त्याला उंबऱ्यात बसलेली बजाबाई आठवली. शेवटचं भजं त्यानं पाण्याबरोबर खाली ढकललं.

बाईंना येऊन त्यानं मोठ्या उत्साहात सांगितलं. “बाई, मंगळवारी लाईट गेलीच नव्हती. सिद्धाप्पाची गिरणी त्याच खांबावर आहे.”

“हे विचारायला तू गेला होतास?” बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “मी तर सांगितलं नव्हतं.”

रामहरी मोटरसायकलची किल्ली खिशात घालायला लागला.

“बरं झालं गेलास,” बाई म्हणाल्या. “सगळं जुळलं. संध्याकाळी साडेपाचला बजाबाईला घेऊन बंगल्यावर ये. आणि रामहरी, तोवर तुला काही आठवलं तर सांग.”

त्याला सगळं आठवत होतं. त्यानं सांगितलं नाही.

साडेपाचला वरच्या मजल्यावर, पूजेच्या खोलीच्या बंद दारापुढं सगळे जमले. अण्णा खुर्चीत. अक्का भिंतीला टेकून. सिद्धेश्वरी जिन्याच्या तोंडाशी. बजाबाईला कुणी बस म्हणालं नाही, म्हणून ती उभीच होती. रामहरी तिच्या मागे उभा राहिला, म्हणजे तिचा चेहरा दिसायला नको.

“अण्णा,” वैजयंतीबाईंनी सुरुवात केली, “चोराला जड पाटल्या नको होत्या, हलकी बोरमाळच हवी होती. म्हणजे त्याला सोनं नको होतं, ती एक वस्तू हवी होती. अशी निवड बाहेरचा माणूस करत नाही, आणि बजाबाईही करणार नाही.”

“पण दार तिच्याच बोटानं—”

“त्याकडे येते. मंगळवारी दुपारी बाराच्या पुढं तुमचं कपडे धुण्याचं मशीन मध्येच बंद पडलं. सूनबाईंनी बजाबाईला सांगितलं, लाईट गेली. मला सांगितलं, बारा ते एक मी इस्त्री करत होते. लाईट गेल्यावर इस्त्री कशावर तापवली, सूनबाई?”

सिद्धेश्वरीच्या हातातला पदर थांबला.

“मी आधी धरून चालले की लाईट गेली आणि इस्त्रीचं खोटं. मग रामहरीनं एक चांगलं काम केलं. समोरच्या गिरणीत विचारून आला. त्याच खांबावरची गिरणी मंगळवारी दिवसभर चालू होती. म्हणजे सोलापुरात लाईट होती, समोर होती, फक्त या घरात नव्हती. पंखा मात्र फिरत होता, हे अक्कांनीच सांगितलं. पंखा इन्व्हर्टरवर, मशीन नाही.” बाई थांबल्या. “लाईट गेली नव्हती, अण्णा. कुणीतरी बंद केली होती. मेन बोर्ड जिन्याखाली आहे, आणि त्याच्या शेजारी सूनबाई होत्या.”

“कशाला बंद करेल?” अण्णा म्हणाले. “आणि त्यात दाराचा काय संबंध?”

“एक शब्द आहे मध्ये. बजाबाईनं ऐकला आणि तिला जेवढं कानडी येतं तेवढ्यात बरोबर अर्थ लावला. अक्का इथून, याच जागेवरून, खाली ओरडल्या, ‘तगी, तगी’. गिरणीच्या आवाजात खाली ऐकू जायला ओरडावंच लागतं. बजाबाईला वाटलं, दार उघड. ती जाऊन पुढचं दार उघडून आली. बाहेर कुणी नव्हतं, कारण बेल वाजलीच नव्हती. माझी आई अक्कलकोटची. आमच्या घरात ‘बागिल तगी’ म्हणजे दार उघड. आणि ‘लाईट तगी’ म्हणजे दिवा बंद कर. दोन्हीला एकच शब्द.”

अण्णांना तो शब्द समजवायची गरज नव्हती. त्यांच्याच घरातला होता. ते हळूहळू बायकोकडे वळले.

“आता एकच दुवा राहिला,” बाई म्हणाल्या. “दिवा बंद केल्यानं हे दार कसं उघडेल? यंत्र तर इन्व्हर्टरवर आहे. हे मला सांगता येणार नाही. ज्यानं वायर ओढली, त्यालाच ते माहीत.”

त्यांनी रामहरीकडे पाहिलंसुद्धा नाही. वहीत बघत राहिल्या. वाटच बघत होत्या, आणि किती वेळ बघायची त्यांची तयारी आहे, हे पाच वर्षांत त्याला चांगलं कळलं होतं.

रामहरी बजाबाईच्या मागून पुढं आला. “पॅनेल इन्व्हर्टरवर आहे,” तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून परत सुरुवात केली. “पॅनेल आहे. कुलूप नाही. कुलपाची वायर मी गिझरच्या पॉइंटवरनं घेतली, अण्णा. भिंत फोडायला नको म्हणून. नंतर नीट करणार होतो, केलं नाही. घरची लाईट गेली की हे दार सुटतं आणि यंत्रात कुणाचंच नाव येत नाही. लाईट आली की आपोआप चिकटतं.”

तो कुणी सांगायच्या आधीच खाली गेला आणि मेन खटका पाडला. वरून टक् असा आवाज आला. तो परत वर आला तेव्हा दार बोटभर उघडलेलं होतं. पंखा फिरत होता, यंत्राचा हिरवा दिवा तसाच चालू होता.

“मी दोन महिन्यांपूर्वी बघितलं,” महानंदाअक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “लाईट गेलेली, वाऱ्यानं दार हललं. कुणाला बोलले नाही. धनलक्ष्मीला सातवा लागला. आमच्यात त्या वेळी आईनं लेकीला हिरवी साडी नेसवायची, अंगावर घालायला काहीतरी द्यायचं. माझ्या आईनं मला बोरमाळ दिली, माझ्या सातव्यात. तुम्ही ती दारामागं ठेवलीत आणि दाराला माझं बोट दिलं नाहीत. मोलकरणीचं दिलंत. मी सुनेला खाली उभं केलं. तिला बोलू नका, तिनं माझं ऐकलं. मंगळवारीच माळ पोचवली.”

“आणि बजाबाईचं नाव आलं तेव्हा?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. “तेव्हा बोलायला पाहिजे होतं,” त्या पदराआडून म्हणाल्या. “बोलले असते तर लेकीकडून माळ परत आणली असती यांनी. दोन दिवस मी हिचं नाव ऐकत बसले. घास उतरला नाही, पण तोंड उघडलं नाही. बजाबाई, मी तुझी गुन्हेगार आहे बघ.”

अण्णा खुर्चीत खाली खाली गेले. सात महिने त्यांनी पाव्हण्या-रावळ्यांना जिना चढवून ते दार दाखवलं होतं. लेकीनं घराची लाज घालवली म्हणून ते दोन वर्षं सांगत आले होते. आता खरी लाज कशाला म्हणतात ते त्यांना कळलं असावं, कारण ते बायकोकडेही बघेनात आणि बजाबाईकडेही. शेवटी म्हणाले, “माळ तिच्याकडेच राहू दे.” मग, “बजाबाई, माझं चुकलं. उद्यापासून ये. बाकीच्या तीन घरी मी स्वतः जाऊन सांगतो.”

“सांगा,” बजाबाई म्हणाली. “ते सांगाच. तेवढं तुमी माजं देनं लागता. पन हितं मी येनार न्हाय, अण्णा. बारा वर्सं तुमी मला बघत हुता, आनि त्या दारावरच्या डबीनं सांगितल्यावर एका घटकेत मी चोर झाले.” तिनं उजवा हात पुढं केला आणि यंत्राकडे बोट दाखवलं. “माजं बोट त्यातनं पुसून टाका. आत्ताच. माझ्याम्होरं.”

अण्णांनी रामहरीकडे पाहिलं. रामहरी खाली जाऊन खटका वर करून आला. दार पुन्हा चिकटलं. त्यानं यंत्रात आपला परवलीचा आकडा घातला, नावांची यादी काढली, तिचं नाव निवडलं. यंत्रानं विचारलं, नक्की? त्यानं बटण दाबलं. बजाबाईनं बोट टेकवून पाहिलं. यंत्र लाल झालं. तिनं समाधानानं मान हलवली आणि जिन्याकडे वळली.

रामहरी तिच्या मागोमाग गेटपर्यंत गेला. “मावशी, चला, सोडतो घरी.”

ती थांबली. गिरणी बंद झाली होती, त्यामुळे तिला आवाज चढवावा लागला नाही. “ती वायर तुला कवा आठवली रं?”

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. “सकाळीच,” तो म्हणाला. “तुमच्याकडे यायच्या आधी.”

“म्हंजे माझ्या उंबऱ्यात उभा हुतास, तवा तुला ठावं हुतं.”

“व्हय.”

“आनि मी तुलाच इचारलं.”

रामहरी मोटरसायकलच्या हँडलकडे बघत राहिला. बजाबाई पदर खोचून पायीच निघाली. गल्ली एकच होती, वाट एकच होती. ती घरी पोचली असेल असं वाटेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.